पोळ्याच्या दिवसाची नोंद

८ फेब्रुवारी १९३८, मंगळवार

‘नोंद आढळत नाही.’

माझ्या अर्जावर हा शेरा! खाली नकलनवीस वामनरावांची सही. दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काय असणार?

अकरा वर्षं मी कचेरीच्या फाटकाशी, निंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहितो आहे. जन्ममृत्यूच्या नकलेचे अर्ज तर किती लिहिले त्याची गणती नाही. लोकांना तारीख कुठे ठाऊक असते? ‘टोळ आले त्या साली, बोंडं फुटली होती’ म्हणतात. ‘खामगावच्या गाडीवर दरोडा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणतात. त्यांना खोदून खोदून विचारायचं, तिथी काढायची, जुन्या पंचांगातून तारीख बसवायची. माझी तारीख चुकत नाही. हे वामनराव स्वतः म्हणतात, आणि नकलनवीस कोणाची फुकट तारीफ करत नाही.

आणि माझीच चुकली?

नव्या तहसीलदारसाहेबांचा हुकूम आहे— दरेक अर्जनविसाने जन्माच्या रजिस्टराची नक्कल आणावी, मगच लायसन. मुदत एकतीस मार्च. नक्कल नाही तर निंबाखालून उठा. उठून जाऊ कुठे? मला दुसरं काही येत नाही.

माय तर लहानपणापासून सांगत आली— तू पोळ्याच्या दिवशी झाला. १९०७ चा पोळा, सात सप्टेंबर, शनिवार. बापाचं नाव शेषराव, गाव लोणखेड. हेच लिहिलं होतं. काय चुकलं?


९ फेब्रुवारी

वामनरावांशी कडाक्याचं भांडण झालं.

म्हटलं, रजिस्टर दाखवा. मी स्वतः बघतो. ते म्हणाले, “रजिस्टर सरकारी आहे, उकंडराव. नक्कल मिळते, रजिस्टर नाही.” म्हटलं, जन्मलेले आमचे, मेलेले आमचे, अन् बुक तेवढं सरकारचं? ते चष्मा पुसत बसले. मग शांतपणे म्हणाले, “तुम्ही तारीख दिली, मी ती तारीख पाहिली. त्या तारखेला शेषरावांच्या नावे काही नाही. पुढच्यामागच्या ओळी दाखवायला त्या काय तुमच्या आहेत? अर्जात रकाना असतो ना, नोंदीशी संबंध? तुम्हीच तर रोज भरता.”

भरतो खरा. बाप, मुलगा, भाऊ, विधवा. संबंध नसेल तर नक्कल नाही. हा रकाना मी आजवर लोकांसाठी भरला, माझ्या आड कधी आला नव्हता.


१० फेब्रुवारी

आज तीनच अर्ज. हात चालत नाही.


१३ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मायला सांगितलं. नोंद सापडत नाही, आता मुआयन्याचा अर्ज करतो, म्हणजे रजिस्टर समोर ठेवून बघता येईल.

मायच्या हातची भाकर तव्यावरच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा माझ्या बायकोने, पुष्पाने उचलली.

“कायले पाहतं ते बुक?”

“नाही तर लायसन जाईल, माय.”

“जाऊ दे. वावर हाये ना दोन एकर. त्या बुकात बोट घालू नको बापू.”

मला राग आला. म्हटलं, तुम्ही जुनी माणसं कागदाला भुतासारखी भिता, म्हणून पटवारी, कारकून सगळे तुमच्या डोक्यावर बसतात. लोकांनी आपला कागद पाहायला शिकलं पाहिजे. बरंच बोललो. मायने ऐकून घेतलं. जेवली नाही.

पुष्पा नंतर म्हणाली, “मायबाई रडून राह्यल्या ना तिकडं. तुमच्या जिभेले काही हाड?”

रडण्यासारखं मी काय बोललो?


१५ फेब्रुवारी

गोजरबाई भाजीची पाटी घेऊन आली होती. लोणखेडहून दोन कोस चालत येते, साठीच्या पुढची बाई. बाजारात बसायच्या आधी आमच्या घरी वांगी टाकून जाते. पैसे दिले तर घेत नाही. “मी मोल देऊन घेतलेलं पोर हाये हे, याच्यापासून पैशे घेऊ काय?” असं चारचौघांत म्हणते, आणि चारचौघे हसतात.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याआधी मायची दोन पोरं गेली. मी झालो तेव्हा मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, गोजरबाईला सूपभर कोंड्यावर विकलं आणि परत घेतलं. म्हणजे पोर आपलं नाही, टाकाऊ आहे, असं वाटून मरण वाट चुकतं. म्हणून नाव उकंडा. वऱ्हाडात दर दहा घरांत एक तरी उकंडा निघेल. शाळेत मास्तर हसायचे, आता मीच हसतो.

आज गोजरबाई नेहमीसारखी बोलली नाही. माय आणि ती परसात बराच वेळ बसल्या. मी गेलो तर गप्प झाल्या. जाताना गोजरबाईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तीस वर्षांच्या माणसाच्या!


१८ फेब्रुवारी

साहेबांनी मुआयन्याच्या अर्जावर लिहिलं— ‘दाखवावे.’ तरणा माणूस आहे, पण समज आहे. म्हणाले, “लोकांचाच तर कागद आहे.” वामनरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आज मी सतरंजीवर राजासारखा बसलो.


२१ फेब्रुवारी, सोमवार

मी मेलो आहे.

हे लिहिताना हसू येत नाही, हाच चमत्कार. दुपारी वामनरावांनी लाल कापडाचं बासन सोडलं, लोणखेडचं १९०७ चं रजिस्टर काढलं. माझ्यासमोर ठेवलं आणि वरच्याखालच्या ओळींवर टिपकागद झाकून धरला. एकच ओळ उघडी. बोट लावू दिलं नाही.

चार सप्टेंबर. शेषराव यांस मुलगा. पोळ्याच्या तीन दिवस आधी! बरं, मायची तीन दिवसांची चूक, तिला काय म्हणायचं? मला तर हुरूप आला. म्हटलं, झालं काम, द्या नक्कल. वामनरावांनी पुढची पानं उलटली. मृत्यूचं पान काढलं. तिथेही कागद झाकला.

सहा सप्टेंबर. शेषराव यांचा मुलगा, वय दोन दिवस, मयत.

अक्षर भगवानराव पटेलांचं, लोणखेडचं रजिस्टर तेव्हा तेच लिहायचे. मी ओळखतो, त्यांच्या हाताखाली तर मी अक्षर गिरवलं. गावात म्हण होती— भगवानराव पटेल बायकोला भिईल, पण खोटं लिहिणार नाही.

“उकंडराव,” वामनराव म्हणाले, “नक्कल देतो. पण मेलेल्याला लायसन कसं मिळेल ते तुम्हीच लिहा अर्जात.”

ते हसले. मलाही हसायला पाहिजे होतं. बाहेर येऊन निंबाला टेकलो. लोक ‘अर्ज लिहून द्या’ म्हणत होते आणि मी त्यांच्याकडे नुसता पाहत होतो.


त्याच दिवशी, दिवे लागल्यावर

समजलं! सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं, विकलं, तरी मायचं मन भरलं नसेल. कोतवाल फेरीला आला तेव्हा सांगून टाकलं असेल— पोर मेलं. म्हणजे मरण फसेल. जसं काही मरण पटेलाचं बुक वाचून येतं! त्या साली प्लेग होता, सगळं गाव मळ्यांमध्ये झोपड्या घालून राहत होतं. कोण कोणाच्या झोपडीत डोकावणार? भगवानरावांनी कोतवालाचं ऐकून लिहिलं.

मरण फसलं की नाही ठाऊक नाही, सरकार मात्र पक्कं फसलं. दुरुस्तीचा अर्ज आजच लिहून ठेवला. खाली मायचा जबाब आणि आंगठा लागेल. बस, एवढंच काम. जीव भांड्यात पडला.


२२ फेब्रुवारी

माय आंगठा देत नाही.

अर्ज वाचून दाखवला. ‘माझा मुलगा उकंडराव हा जिवंत असून, नजर लागू नये म्हणून मी त्यास मयत म्हणून कळविले होते.’ साधा मजकूर. शाई पुढे केली. तिने हात पदरात ओढून घेतला.

“खोट्यावर आंगठा नाही देणार मी.”

“कोणतं खोटं? मी जिवंत आहे हे खोटं?”

मी ओरडलो. इतका ओरडलो की शेजारचे बाहेर आले. पोटच्या पोराला जिवंत म्हणायला जिची जीभ उचलत नाही ती कसली माय, असं बोलून गेलो. बोलल्यावर वाटलं, शब्द परत तोंडात घालता आले असते तर!

तिने पायात वहाणा घातल्या आणि लोणखेडला गेली. गोजरबाईकडे. दोन कोस, एकटी.

काऊन? मला काहीच कळत नाही.


२३ फेब्रुवारी

आली नाही.


२४ फेब्रुवारी, गुरुवार

वामनरावांनी शिपाई पाठवून बोलावलं. दप्तरखान्यात दुसरं कोणी नव्हतं. लोणखेडचं रजिस्टर उघडंच होतं, टिपकागद तसाच झाकलेला.

“तुमच्या त्या अर्जासाठी मी पुन्हा पानं चाळली,” ते म्हणाले. आवाज रोजचा नव्हता. “तुम्ही पोळ्याची तारीख दिली होती ना? तुमची तारीख चुकत नाही, हे मीच म्हणतो. मी फक्त शेषरावांचं नाव शोधलं होतं.” मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी पाणी पिऊन येतो. पंचवीस वर्षांत हा कागद मी कोणासाठी सरकवला नाही.”

कागद सरकवून गेले.

सात सप्टेंबर. पोळा. गोजर, जोजे तुळशीराम माळी मयत. मुलगा.

तिचा नवरा तुळशीराम प्लेगात गेला, तिच्या पदरात तीन पोरी टाकून, हे मला ठाऊक आहे. गोजरबाईला मुलगा झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. गावात कोणी बोललं नाही. तिच्या घरात मुलगा मी कधी पाहिला नाही. मृत्यूची पानं उलटली— सप्टेंबर, ऑक्टोबर, पुढचं सगळं साल. त्याच्याही पुढचं. तो कुठेही मेलेला नाही.

मग तो गेला कुठे?

वामनराव परत आले तेव्हा मी बसूनच होतो. त्यांनी चष्मा लावला. रजिस्टर बासनात बांधलं. घरापर्यंत कसा आलो ते आठवत नाही. पुष्पा विचारते आहे, बरं नाही का? मी तिला काय सांगू? मलाच काही सांगता येत नाही. लिहितानाही पुढचं वाक्य लिहवत नाही.


२६ फेब्रुवारी, शनिवार

माय आली. गोजरबाई सोबत होती. दोघी ओसरीवर बसल्या, एकमेकींचा हात धरून. मायच म्हणाली—

“भगवानराव पटेलानं खरं लिहेल हाये. माह्यं गेलं, दुसऱ्या दिवशी हिचं झालं. हिच्या घरात दाणा नव्हता, अन् माह्या अंगावर दूध होतं. बापू, कोंडा मी देल्ला होता.”

गोजरबाई म्हणाली, “सूपभर.”

नवा अर्ज लिहिला. नोंद सात सप्टेंबर १९०७, पोळा, मौजे लोणखेड, गोजर, जोजे तुळशीराम. नोंदीशी संबंध— स्वतः. साक्ष म्हणून मायने न मागता आंगठा दिला.