गडक

१६ नोव्हेंबर
आवाज परत आला. मागून, बहुतेक डावीकडून. तुमसरच्या पुढे रस्ता उखडलाय तिथे. खड्ड्यात पडताना नाही, खड्ड्यातून वर येताना. ‘गडक’. गाडी चौदा वर्षांची, मी एकावन्नचा. वर येताना माझाही आवाज होतो, पण मला विकून टाका असं अजून कोणी म्हटलेलं नाही.
बपेऱ्याला गेलो ते सासूबाईंना (यापुढे सा.बा.) सांगायला, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, ५ डिसेंबर, भंडाऱ्यात. आधी उजवा डोळा, मग डावा. उत्तर :
“तुमच्या गाडीत मी बसत नाही, जवाई. तिच्या पोटात गोटे वाजतात. मागच्या बारीनं माही कंबर आठ दिवस धरून होती.”
मग एसटी? “तिच्यात उलटी होते.” भाड्याची गाडी? “परक्याच्या गाडीत कायले जाऊ? मले जवाई नाही का?”
म्हणजे बसायचं तर जावयाच्याच गाडीत, आणि जावयाच्या गाडीत बसायचं नाही. कायदा स्पष्ट आहे.
येताना नव्या तांदळाचे दोन कट्टे (म्हणजे पोती), वांगी.

१८ नोव्हें.
शालिकभाऊचं गॅरेज. कट्टे अजून गाडीतच. उतरवायला माणूस मिळाला नाही, म्हणजे मी मिळालो नाही. शालिकभाऊनं स्वतः चक्कर मारली. “काही नाही सर. मख्खन चालून राहिली.”
“वाजते.”
“कशी?”
“गडक.”
“गडक का खडक? खडखड म्हणजे सायलेन्सर. टकटक म्हणजे लिंक रॉड. वळणावर कटकट म्हणजे एक्सल. मराठी शिकवता नं तुमी? नीट सांगा.”
बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात ध्वनिदर्शक शब्द शिकवतोय, दोन मार्कांना. आज शून्य मिळाला. निव्वळ संशयावरून पुढचे दोन्ही लिंक रॉड बदलले. रात्री कट्टे उतरवले.

२३ नोव्हें.
पुन्हा बपेरा, सा.बा.ची मनधरणी. जाताना सगळा रस्ता गडक-गडक. मनधरणी फुकट. त्यांनी दारातूनच आवाज ऐकला होता. मेहुण्यानं येताना आणखी तीन कट्टे टाकले. भंडाऱ्यापर्यंत गाडीचा एक शब्द नाही. लिंक रॉडचा गुण उशिरा आला, होमिओपॅथीसारखा, असं मी बायकोला, कुंदाला, समजावलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

२४ नोव्हें.
खात्री करायला थेट शालिकभाऊकडे. गाडी गप्प. “सर, आता कान दाखवा.”
संध्याकाळी कट्टे उतरवले. भाजी आणायला निघालो तर कोपऱ्यावरच गडक.

२६ नोव्हें.
ऑपरेशनला नऊ दिवस. दुसऱ्या कोणाच्या गाडीतून आणू, असं सुचवलं. कुंदा म्हणाली, आई हट्टी आहे, तारीख गेली तर परत हो म्हणणार नाही. “मागच्या साली चुलीजवळ पदर पेटता पेटता राहिला, माहीत आहे नं?” माहीत आहे.
मग थोड्या वेळानं, तांदूळ निवडता निवडता : “गाडी तुमच्यासारखीच हाये. माह्या माहेरी जाताना कुरकुर, अन् येताना पोट भरलं का गप्प.”
हसलो. अर्ध्यातच हसणं थांबलं. चप्पल घातली.

२६, जेवण झाल्यावर
बायकोचा टोमणा शालिकभाऊला जसाच्या तसा सांगितला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “आता बोलले तुमी मराठी!”
मला मागे डिक्कीत बसवून उखडलेल्या गल्लीतून रिकामी गाडी नेली. माझ्या वजनानंही थोडी दबली, म्हणून मला उतरवलं, तेव्हा वाजली. (हा अपमान नोंदवून ठेवतो.) मग जॅक. चाक लटकल्यावर डावी स्प्रिंग हातानं गोल फिरली. वरची रबरी गादी झिजून गायब. ओझं असलं की स्प्रिंग दबून बसते. रिकामी गाडी उसळली की ती सुटते नि लोखंडावर आपटते.
सासुरवाडीहून रिकामी गाडी आणणारा जावई या जिल्ह्यात जन्मायचाय. त्यामुळे गॅरेजला दोष दिसणार कुठून?

२ डिसेंबर
नागपूरहून रबर आलं. दोन्ही बाजूंना बसवलं. रिकामी फिरवली. शांत. उगाच तीन फेऱ्या मारल्या.

४ डिसें.
सा.बा.ना आणलं. पुढच्या सीटवर, एक हात डॅशबोर्डवर, आवाजाची वाट पाहत. उखडलेला पट्टा आला, गेला.
“वाजली नाही.”
“नाही.”
“रस्ता चांगला केला वाटते.”
मी गाडी चालवत राहिलो.

५ डिसें.
झालं. वीस मिनिटं. आत जाताना माझ्याच हातात बटवा दिला, कुंदाच्या नाही. हात थंड होता. बाहेर बसून मी भिंतीवरची डोळ्याची सगळी चित्रं वाचली.

९ डिसें.
सा.बा.ना परत सोडलं. सगळ्या वाटेवर पाहणं चालू. तळ्यातले बगळे मोजले, पाट्या वाचल्या. “जवाई, तुमचे केस एवढे पांढरे कवा झाले?” कुंदा मागे खूष.
डाव्या डोळ्याची तारीख जानेवारीत, असं मी म्हटलं. पाट्या वाचणं थांबलं.
“थांबा. हे पुढून कुईं-कुईं काय वाजून राहिलं?”
थांबलो. ऐकलं. मला काही नाही, कुंदाला काही नाही. “तुमाले नाही येत ऐकू. हे आधी काढा, मंग दुसऱ्या डोळ्याचं पाहू.”
परतताना कुंदा म्हणाली, “आवाज नाही हो. ती भ्याली आहे.”
“मग शालिकभाऊ काय काढणार?”
“पाहू तर द्या त्याला.”
तुमसरच्या आधी एका वळणावर मलाही वाटलं, पुढून बारीक काहीतरी झालं. की सीटच असेल. कुंदाला बोललो नाही. पुढच्या वळणावर मुद्दाम हळू घेतली, तर तिनंही रेडिओ बंद केला.