सिंधू मरत नाही

४ जानेवारी, रवि.
नव्या नाटकाचं वाचन झालं. नारायण पेठेतला नेहमीचा हॉल. अभयनेच लिहिलंय, तोच बसवतोय, स्पर्धेसाठी. काळ पुढचा, पुणं आटलेलं. शहराच्या मधोमध भिंत; आत पाणी, बाहेर माणसं. आतली एक इंजिनिअर मुलगी (ती भूमिका सायलीकडे, अर्थात) बाहेर येते, भुयारातून मोठ्या टाकीपर्यंत पोचते, सगळ्यांसाठी पाणी सोडते. नाटक चांगलं आहे. खरंच चांगलं, म्हणून जास्त लागलं.

माझी भूमिका 'काळी बाई'. संहितेत एवढंच. भुयाराचा रस्ता दाखवते, दुसऱ्या अंकात पहारेकऱ्याची गोळी खाते, सायलीच्या मांडीवर मरते.

मागच्या नाटकात साथीत गेले. त्याआधी यंत्रमानवाने मारलं. भविष्य कुठलंही असो, मध्यंतरानंतर मी फार टिकत नाही.

७ जाने., बुध.
येरवड्याहून, ऑफिसातून थेट तालीम. अभयला म्हटलं, हिला नाव दे. तो म्हणाला, "मंगलताई, ती व्यक्ती नाहीये. ती प्रतीक आहे."
सायलीच्या पात्राला नाव, आडनाव, डिग्री आणि एक मांजर आहे. मांजरालाही नाव आहे. तसं बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही. नंतर अभय चहाला आला नाही.

१० जाने., शनि.
रंगभूषेची चाचणी. रंगभूषाकार नाना जुने, पोटात काही नसतं त्यांच्या. पण डबी उघडली ती माझ्याहून दोन छटा गडद. मी विचारलं, हे कशाला? अभयने सांगितलंय म्हणे, बाहेरची माणसं उन्हात राहतात, ते कळायला हवं. मग बाहेरचे पुरुष? त्यांना नुसती धूळ लावायची आहे.
"नाना, आणखी काळं करायला जागा कुठे राहिलीय?" असं म्हटलं तर बिचारे ओशाळले. डबी बंद केली.
घरी कात्रजला येईपर्यंत बसमध्ये एकच विचार, सोडावं का हे. पंधरा वर्षं करतेय. मोलकरीण केली की गडद रंग, आईची भूमिका असली की पांढरा फासायचा. माझा रंग कधी कुठल्या भूमिकेचा झालाच नाही.

११ जाने., रवि.
मटार सोलता सोलता दिलीपला नाटकाची गोष्ट सांगितली. नवरा म्हणून 'सोड मग' म्हणेल असं वाटलं होतं. तो वेगळंच बोलला. शेंग तशीच हातात धरून म्हणाला, "रस्ता फक्त हिलाच माहीत. ही मेली. मग ती इंजिनिअर टाकीपर्यंत जाते कशी?"
वाचन झालं, तालमी झाल्या, एवढी डोकी, कोणालाच सुचलं नाही. मलासुद्धा.

१४ जाने., बुध. संक्रांत
काळी साडी. ऑफिसात सगळ्यांनी साडीचं कौतुक केलं. वर्षातून एक दिवस हा रंग शुभ.
तालमीत तिळगूळ वाटून झाल्यावर दिलीपचा प्रश्न अभयला विचारला. तो म्हणाला, "ती अंदाजाने जाते." सायली खाली बसून घुंगरू वाजवल्यासारखा पाय हलवत होती, ती थांबली. म्हणाली, मलाही कधी कळलं नाही मी कुठून जाते, मी आपली उजव्या विंगेत जाते. वर हेही म्हणाली की ताई मेल्यावर मी जे रडते ते मला खोटं वाटतं, दोन प्रवेशांपूर्वी तर ती भेटलेली, मला तिचं नावही माहीत नसतं.
सायलीकडून ही अपेक्षा नव्हती. फार बरं वाटलं.
अभय संहिता घेऊन निघून गेला. मला काढून टाकेल बहुतेक. टाकू दे.

१८ जाने., रवि.
नाही टाकलं. मी सुचवलं, गोळी लागली तरी ती मरायला नको, रस्ता तिनेच दाखवावा. म्हणाला, "करून दाखवा. पटलं तर लिहितो."
केलं. गोळी लागते, मी पडते. सायली एकटी पुढे जाते, अंधारात चुकते, हाक मारायला तोंड उघडते आणि थांबते, कारण नाव माहीत नाही. तिथेच अभय म्हणाला, "थांबा. हिला नाव हवं."
मी सिंधू म्हटलं. आत्याचं नाव. घरच्या प्रत्येक फोटोत तिला मागच्या रांगेत उभं करायचे. आडनावही मागून घेतलं, ताकवले. अभयने तिथेच लिहून घेतलं. पटकन पटलं असं नाही. कपाळाला आठ्या होत्याच. पण लिहिलं.

१ फेब्रु., रवि.
प्रयोग!
नानांनी नवीन पॅनकेक मेकअप आणला होता, अगदी माझ्या रंगाचा. पहिल्यांदाच चेहरा आणि मान एकाच बाईची दिसत होती.
दुसरा अंक. गोळी. पडले. प्रेक्षागृहातून उसासा आला, नेहमीचा, 'गेली बिचारी'वाला. काही जण खुर्चीत मागे रेललेसुद्धा. मग अंधारात सायलीची हाक, "सिंधू!" मी उठून बसले, खांदा धरून. वाक्य एकच होतं. "तिकडे नाही. डावीकडे."
काय टाळ्या पडल्या. अभयने लिहिलेल्या पुढच्या वाक्यांना थांबावं लागलं. शेवटी टाकीचं चाक आम्ही दोघींनी मिळून फिरवलं.
विंगेत कॉलेजची एक मुलगी भेटायला आली, माझ्याच रंगाची. म्हणाली, तुम्ही पडलात तेव्हा मी म्हटलं, झालं नेहमीचं. मग हात धरून उभी राहिली. मीही सोडला नाही.

८ फेब्रु., रवि.
निकाल. नाटक दुसरं, अंतिम फेरीत गेलं. अभिनयाचं पहिलं मला! दिलीपने आख्ख्या सोसायटीत पेढे वाटले, चौथ्या मजल्यावरच्या न बोलणाऱ्यांनाही. सायली रडली. या वेळी खरं.

१२ फेब्रु., गुरु.
अभयचा फोन. एका परीक्षकांचं मत पडलं की सिंधू मेली असती तर नाटकाला शोकांतिकेची उंची आली असती. अभय डळमळलाय. चाचरत म्हणाला, अंतिम फेरीला एकदा मरून बघू या का? दोन्ही शेवट लिहून ठेवतोय, रविवारच्या तालमीत ठरवू.
मला राग यायला हवा होता. आला नाही. हसूच आलं. शांतपणे सांगितलं, "तू दोन्ही लिही. पण गोळी लागल्यावर स्टेजवर मी असते, अभय. तू विंगेत असतोस."
मग म्हणाला, तालमीला वेळेवर या.
जाणारच आहे. वेळेच्या आधी.