पहिली टाळी माझी

१४ सप्टेंबर, शनिवार
मोगुरामधून आत्ताच आलो. इमाइके स्टेशनजवळचा तो तळघरातला हॉल. छत डोक्याला लागतं, साउंड मात्र नागोयात सर्वोत्तम. ‘उरागुची’ बँड आज बरा वाजला. प्रेक्षक नेहमीप्रमाणे वाईट.

ठरलेल्या ओळीला सगळ्यांचा उजवा हात वर, ठरलेल्या ओळीला खाली. आमच्या कंपनीत सकाळी रेडिओ लावून कवायत करतात, तीच इथे अंधारात. मी हलत नाही. मी ऐकतो. कळलं की काउंटरवरची मुलगी मला जिझो म्हणते. जिझो म्हणजे रस्त्याच्या कडेला उभा असतो तो दगडी देव. अकरा वर्षांत कमावलेला मान आहे.

पहिल्या रांगेच्या मधोमध अर्थात तोकुनागाबाई. पन्नाशी उलटली, केस जांभळे, स्वतःचं पार्लर आहे म्हणतात. शेवटचं गाणं झालं, बँड आत गेला. आता टाळ्या वाजवून त्यांना वन्स मोअरसाठी बाहेर बोलवायचं. हे काम या बाईने किती वर्षांपासून बळकावलंय कोण जाणे. तिची पहिली टाळी पडल्याशिवाय हॉलमध्ये कुणी हात उचलत नाही. आणि लय काय, तर भाकरी थापल्यासारखी. थप्प. मग विचार. मग थप्प.

आज सहन झालं नाही. दुप्पट वेगात मी सुरू केलं. काही लोक माझ्याबरोबर आले, बाकीचे तिच्याबरोबर. असा काही खडखडाट झाला की गायक मिनेगिशी चक्क हसत बाहेर आला. हा माणूस एरवी हसत नाही. म्हणजे फरक पडला.

संकल्प : यापुढे वन्स मोअरची जबाबदारी आपली.

१५ सप्टेंबर, रविवार
तळहात लाल. वृंदाने चहा देताना विचारलं, गाणं ऐकायला गेला होतास की धुणं आपटायला? बायकोला रॉक कळत नाही. 

२८ सप्टेंबर, शनिवार
बँडच्या वेबसाइटवर वाईट बातमी. उरागुची बंद होतोय. मिनेगिशीचे वडील थकले, गिफूला त्यांची पर्सिमनची, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या केशरी फळांची बाग आहे, ती बघायला तो गावी जाणार. शेवटचा कार्यक्रम २३ नोव्हेंबरला, मोगुरामध्येच.

पण खालची ओळ वाचून उभा राहिलो. मिनेगिशीने लिहिलंय, त्या दिवशी तुम्ही आम्हाला परत बोलावलंत, तर ‘कालव्याकाठी’ वाजवू.

‘कालव्याकाठी’! पहिल्या सीडीवरचं शेवटचं गाणं. त्यांचा जुना बेसवाला सोडून गेला आणि तेव्हापासून स्टेजवर ते कधी वाजलं नाही. मी इथे नवीन आलो तेव्हा कंपनीच्या हॉस्टेलवर एकटा होतो. पावाला काय म्हणतात तेही येत नव्हतं. कुणीतरी खोलीत सोडून दिलेली ती सीडी रोज लावायचो. मला शब्दकोश न उघडता कळलेलं पहिलं जपानी वाक्य त्या गाण्यातलं आहे. कालव्याकाठी सायकल उभी करून तो म्हणतो, आज कुणाशीच बोललो नाही. ते ऐकलं तेव्हा हॉस्टेलच्या गादीवर बसून रडलो होतो. हे वृंदालाही सांगितलेलं नाही.

हे गाणं समोर उभं राहून ऐकायचं. बाकी आयुष्यात काही झालं नाही तरी चालेल.

‘बोलावलंत, तर’ ही त्याची नम्रता. न बोलवायला काय झालं?

पण भाकरी थापून नाही. हे गाणं त्या बाईच्या टाळीवर बाहेर येणार असेल तर धिक्कार आहे माझा.

२९ सप्टेंबर, रविवार
मोगुराचे मालक ओगुरी यांना सविस्तर मेल पाठवली. साउंडवर तेच बसतात, दिवे तेच लावतात, ग्लासही तेच विसळतात. दोन मुद्दे. एक : वन्स मोअरच्या टाळीचा वेग हॉलने ठरवून द्यावा. दोन : ती दोन वेण्यावाली मुलगी गाणं चालू असताना मोबाइल वर धरून शूटिंग करते. अशाने संगीत मरतं. कडक बंदी हवी, पाटी हवी.

संध्याकाळी उत्तर आलं. आपल्या मौल्यवान सूचनेवर आम्ही मनापासून विचार करू. वृंदा म्हणाली, म्हणजे नाही. तिला इथे राहून इतकी वर्षं झाली तरी माणसं वाचता येत नाहीत.

५ ऑक्टोबर, शनिवार
पाटी लागली! जिन्यात, दारावर, थेट टॉयलेटमध्येही. फोन बाहेर काढू नये, काढल्यास शेजाऱ्यांनी थांबवावे. वृंदाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, अरे वा, आता टॉयलेटमध्येसुद्धा तुझं नाव निघेल.

आज दुसरेच बँड होते, सरावासाठी गेलो. हॉलमध्ये परदेशी लोक फार. मोठमोठ्या बॅगा घेऊन आत. यांना लॉकर नावाची गोष्ट माहीत नसते. बँडवाला बोलत असताना मध्येच ओरडतात. अशांमुळे आपलं नाव खराब होतं. काउंटरवरच्या मुलीने मला इंग्रजी मेनू दिला. मी जपानीत ऊलाँग चहा मागितला तर म्हणाली, तुम्ही जपानी किती छान बोलता! अकरा वर्षं हीच मुलगी, हाच चहा, हेच कौतुक.

परत मेनू इंग्रजीच.

१९ ऑक्टोबर, शनिवार
युद्ध झालं. लिहून ठेवतो.

उरागुची आत गेला आणि मी सेकंदही न दवडता सुरू केलं. तोकुनागाबाई वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम आणखी हळू वाजवायला लागल्या. मी आणखी वेगाने. लोक बिचारे हात अर्धवट वर धरून उभे. मिनेगिशी बाहेर आला, आमच्याकडे बघून वाकला, एकच गाणं म्हणाला आणि गेला. एरवी दोन म्हणतो.

नंतर लॉकरपाशी बाईंनी गाठलं. सगळं अगदी आदरार्थी, अगदी मऊ आवाजात. म्हणाल्या, कारुनिकु-सान, (कर्णिकचं इथे हे झालंय) तुमच्या टाळ्या ऐकून मला वाटतं गाडीचं दार बंद होतंय आणि मीच बाहेर राहिलेय. मी म्हटलं, तोकुनागा-सान, तुमच्या दोन टाळ्यांच्या मध्ये माझ्या कंपनीत एक गाडी तयार होते. त्या म्हणाल्या, आतला माणूस दमलेला असतो हो. त्याला घाम पुसू द्यावा, पाणी पिऊ द्यावं, मग हाक मारावी. तुम्ही तर वसुलीला आल्यासारखे. मी म्हटलं, मी अकरा वर्षं येतोय. त्या म्हणाल्या, अय्या, हो का, मी एकोणीस.

मागे ती वेण्यावाली खुदकन हसली. हिला बघून ठेवलं आहे.

ओगुरींनी दोघांना काउंटरपाशी बसवलं, ऊलाँग चहा दिला. खूप वेळ ग्लासच पुसत राहिले. मग म्हणाले, शेवटच्या दिवशी असं होऊ नये, मिनेगिशीला वाईट वाटेल. तोकुनागाबाईंनी चहा संपवला, ग्लास बाजूला सरकवला आणि मला म्हणाल्या, त्या दिवशी तुम्हीच सुरू करा. तुमची पहिली टाळी पडेपर्यंत आमच्यातलं कुणीही हात उचलणार नाही. शब्द देते. आणि वाकल्या.

जिंकलो. पूर्ण शरणागती.

२० ऑक्टोबर, रविवार
मेट्रोनोम लावून सराव. शेजारचे मोरिवाकी दारात आले. काही अडचण आहे का, म्हणून अत्यंत नम्रपणे विचारलं. सांगितलं, नाही. तरी उभे राहिले. मग म्हणाले, आमची अडचण आहे. या देशात कलेला जागा नाही.

वृंदाला काल काय झालं ते सांगितलं. तिने मला शाबासकी द्यायला हवी होती. म्हणाली, बाईंनी इतकं मोठं मन दाखवलं, तू थँक्यू तरी म्हणालास का? हा मुद्दाच नव्हता.

२ नोव्हेंबर, शनिवार
कालपासून एक विचार डोक्यात आहे. नुसती पहिली टाळी वाजवून काय होणार? लोकांना वाटेल, कुणीतरी वाजवली, झालं. बाई मनात म्हणेल, मीच तर दिली होती.

म्हणून : बँड आत गेल्यावर लगेच सुरू करायचं नाही. थांबायचं. हॉलमध्ये शांतता पसरू द्यायची. अस्वस्थता वाढू द्यायची. एकेक मान माझ्याकडे वळली पाहिजे. त्या जांभळ्या केसांची मान शेवटी. तिच्या डोळ्यांत विनंती दिसली की मग पहिली टाळी. अशी वाजेल की मिनेगिशीला आत कळेल, हा माझा माणूस.

आणि गंमत म्हणजे घाम पुसू द्या, पाणी पिऊ द्या हे बाईंचंच म्हणणं. त्यांच्याच शस्त्राने.

वृंदाला प्लॅन सांगितला. भाजी चिरता चिरता म्हणाली, आणि तू थांबलेला असताना त्यांना वाटलं कुणालाच नकोय, तर? हसलो. बँडने जाहीर केलेलं गाणं आहे. ओगुरी मला ओळखतात. ती म्हणाली, ओळखतात हीच तर भीती आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
नवा काळा शर्ट. हाताला क्रीम लावलं. वृंदा म्हणाली, येऊ का मीही? नको म्हटलं. आज मला कुणाकडे लक्ष देता येणार नाही. जिथे उभं राहायचं ती जागा मनात पक्की आहे : खांबाच्या डावीकडे. तिथून सगळ्यांना मी दिसतो.

२३ नोव्हेंबर, रात्र
लिहिणार नव्हतो.

बँड जबरदस्त वाजला. शेवटचं गाणं संपलं. चौघे वाकले, आत गेले. अंधार.

मी थांबलो.

शांतता. खरंच ठरवल्यासारखी. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग माना वळायला लागल्या. एक, मग चार, मग सगळा हॉल माझ्याकडे. वेण्यावाली ओठ चावत होती. तोकुनागाबाई वळल्या. दोन्ही हात छातीशी, तळवे समोरासमोर, मध्ये एवढंसं अंतर. पण मिटले नाहीत. डोळ्यांत अगदी विनंती. अकरा वर्षांत हा हॉल इतका माझा कधीच नव्हता. म्हटलं, अजून एक श्वास.

तेवढ्यात दिवे लागले.

लोकांना घरी पाठवायचं पियानोचं संगीत सुरू झालं. ते एकदा सुरू झालं की संपलं. इथे त्यावर अपील नाही. मी टाळ्या वाजवल्या! लगेच वाजवल्या! जोरात वाजवल्या! त्या पियानोवर वाजवल्यासारख्या झाल्या. कुणी साथ दिली नाही. सगळे नुसते बघत होते.

ओगुरींकडे गेलो. हे काय, म्हणून विचारलं. ते पांढरे पडले होते. म्हणाले, कुणीच बोलावलं नाही. मिनेगिशी पडद्यामागे गिटार गळ्यात अडकवून उभा होता. मग त्याने मला मान हलवून सांगितलं, राहू दे, लोकांचं मन भरलंय.

मी सर्वांच्या आधी जिना चढून बाहेर पडलो. एका क्षणासाठीही तिथे थांबायची इच्छा नव्हती. असल्या लोकांत!

२४ नोव्हेंबर, रविवार
दोष कुणाचा, शांत डोक्याने :
ओगुरींचा. घाईघाईने दिवे.
तोकुनागाबाईंचा. शब्द दिला म्हणून इतका पाळायचा?
मिनेगिशीचा. शेतकरीच व्हायचं होतं तर गिटार कशाला.
वृंदाचा. अपशकुन.

ओव्हरकोट मोगुराच्या लॉकरमध्येच राहिला. राहू दे. त्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार
थंडी फार.

१ डिसेंबर, रविवार
कोट आणायला गेलो. फक्त कोट.

जिन्यातच तोकुनागाबाई भेटल्या. शेवटच्या दिवशी लोकांनी पाठवलेल्या फुलांचा स्टँड उचलायला आल्या होत्या. मी नजर चुकवली. त्या वाकल्या. म्हणाल्या, कारुनिकु-सान, तुम्ही कुठे नाहीसे झालात? आम्ही किती शोधलं तुम्हाला!

मग त्यांनीच सगळं सांगितलं. ओगुरी आत ग्लास पुसत मान डोलवत होते.

दिवे लागल्यावर कुणी जागचं हललंच नाही म्हणे. संगीत संपलं तरी सगळे तिथेच. थोड्या वेळाने मिनेगिशी बाहेर आला, बागेतल्या पर्सिमनचं खोकं घेऊन. प्रत्येकाला एकेक देऊन निरोप घ्यायचा म्हणून. तोकुनागाबाईंना फळ दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, आमचं खरंच चुकलं, आता बोलावलं तर उशीर झाला का? तो म्हणाला, माइक बंद झालाय. बाई म्हणाल्या, आमचे कान चालू आहेत.

टी-शर्टच्या टेबलापाशी उभं राहून त्याने ‘कालव्याकाठी’ म्हटलं. ड्रमरने रिकामं खोकं वाजवलं. सबंध गाणं. संथ लयीत. सगळे मुसमुसून रडले. ओगुरीसुद्धा.

सुरू करण्याआधी मिनेगिशीने विचारलं होतं म्हणे, तो न हलणारा भारतीय कुठाय, त्याला बोलवा. वेण्यावाली मुलगी धावत जिना चढून स्टेशनपर्यंत जाऊन आली.

मी गाडीत होतो.

घसा खाकरून विचारलं, कुणी रेकॉर्ड केलं असेलच ना? एखाद्याने तरी? थोडंसं?

तोकुनागाबाईंचा चेहरा उजळला. नाही नाही, म्हणाल्या, काळजी करू नका. त्या मुलीने फोन काढला होता, पण मी स्वतः तिच्या फोनवर हात ठेवला. म्हटलं, कारुनिकु-सान आज इथे नसले म्हणून काय झालं, त्यांची पाटी आहे ना!

ओगुरींनी कोट दिला. खिशात कागदात गुंडाळलेलं एक पर्सिमन. माझ्या वाटणीचं.

संध्याकाळ
वृंदाने विचारलं, मग त्या गाण्याचं काय झालं शेवटी?
सांगितलं, म्हटलं त्याने. छान झालं. लय जरा संथ घेतली.
तिने विचारलं, तू कुठे उभा होतास?
पर्सिमन कापायला घेतलं.