सोळा तारखेच्या आत

बाबा,

तुमाले अन् आईले माहा जयभीम. फोन केला असता तर आईनं आवाजावरूनच वळखलं असतं, म्हणून लिहून राह्यली.

माही तब्येत बरी हाये, जेवण बराबर सुरू हाये. तुरीले फुलं आले का?

आमच्या विमानाचे भाग अलग अलग लोकायनं बनवले. ते एकमेकायसंग जुळून चालतात का, हे पाह्याचं काम माहं. तीनदा तपासून मी सही केली. सोळा तारखेले ते पयल्यांदा उडते. कोणाले सांगू नोका. आज पायलट साहेबायनं इचारलं, "सही कोणाची?" मी हात वर केला. "मग झालं," म्हणे, अन् निवांत चहा घेतला. तवापासून मी तेच सहीचे कागद पुन्हा पुन्हा काढून वाचून राह्यली.

गावी मेडशीले तुमी विहिरीवरची मोटर जोडली की आमाले दूर उभं करून बटन सोताच दाबत होते. इथं सही माही, अन् आत बसणार पायलट साहेब. मी दूर उभी राहीन.

तवा आई आमचे हात धरून बांधावर उभी राहे. तिले सहज इचारा, तुमचा हात बटनावर जाये तवा ती काय करे. सोळा तारखेच्या आत कळवा.

तुमची,
धम्मदीपा