कक्ष आणि कूल

दि. ४ सप्टेंबर

चि. किडूबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

इतरांच्या बहिणी पुस्तकं मागतात, माझी भुंगेरे मागते. तुझ्या प्रयोगशाळेसाठी दोन पाठवले आहेत. दोघांचे पंख इतके आखूड, की शिंप्याला कापड पुरलं नसावं. कोण कुठे मिळाला त्याच्या चिठ्ठ्या लावल्यात : 'कूल' तो तांबडा-काळा, शेपूट उचलून ऐट मारणारा, 'कक्ष' तो नुसता काळा, आमच्या मुख्याध्यापकांसारखा कुढा.

एक काळजी. तुझ्या भाचीच्या, चिमणीच्या, मानेवर कालपासून चटका बसल्यासारखी लाल रेघ उठली आहे. तुझी वहिनी हवालदिल आहे. हे या पाहुण्यांपैकी कुणाचं काम नाही ना?

लोभाला खंड नसावा.
तुझा दादा


दि. ७ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कूल म्हणजे काठ, हे तू लहानपणी कान पिळून शिकवलंयस. तो तांबडा-काळा ओल्या काठाचाच. चिरडला तर कातडी भाजते, डोळ्याला लागला तर फार वाईट. दिव्याला भुलून घरात येतो खरा, पण तुझ्या खोलीत मिळाला तो काळा. तो बिचारा माश्यांच्या अळ्या खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. रेघ दुसऱ्या कशाची असेल. चिमणीला खुशाल दिव्याखाली वाचू दे. वहिनीला सांग, घोर लावून घेऊ नकोस.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी किडूबाई (नाइलाजानं)


दि. १० सप्टेंबर

चि. किडूबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. 'खोलीत' या शब्दाशी जीभच अडली. अगं, कक्ष म्हणजे खोली ते मराठीत! मी लिहिलं संस्कृतातलं, वाळकं गवत. काळा परसातल्या गवताच्या ढिगाखाली मिळाला. खोलीत मी शोधलंच नव्हतं.

पत्र हातात तसंच घेऊन धावलो. चिमणी दिव्याखाली पालथी पडून वाचत होती. पानावर तांबडा-काळा, शेपूट वर. एका हातानं ती डोळा चोळत होती, दुसऱ्याचं बोट त्याला चिरडायला निघालेलं. मी असा ओरडलो, की वीस वर्षं वर्गात ओरडलो नसेन. फुंकर मारून त्याला बाटलीत घेतलं. तिचे हात तीनदा साबणानं धुतले, दिवा हलवला, खिडकीला जाळी लावली. डोळा अजून स्वच्छ आहे. मी घटकेघटकेला पाहतो, तर ती विचारते, बाबा, मीच किडा झाले का?

बाटली सोबत आहे. चिठ्ठी या वेळी चिमणीकडून लिहून घेतली : 'माझ्या पुस्तकावर'. हिला भाष्य लागणार नाही.

आमच्यावर लोभ असू दे, माझ्या संस्कृतावर नसला तरी चालेल.
तुझा दादा