खुर्ची ठेवलेली जागा

सोमवार, ४ मार्च
पोचले एकदाची. नदी, लोखंडी पूल, टेकडीवर दाटीवाटीने घरं आणि खाली बंद पडलेला पोलादाचा कारखाना. त्याच्या आवारात आराखड्यात मंजूर झालेल्या जागी मी जमिनीत भोकं पाडणार, माती-पाणी तपासणार आणि विष कुठवर मुरलंय ते सांगणार. सरकारने पैसा दिलाय तो फक्त तपासणीला. अहवाल पुरा असेल तरच पुढे सफाई आणि मग बांधकाम. नगराध्यक्षा लोरेन हुडाकला तिथे दवाखाना हवाय. बाईने मला मिठीच मारली.

इथे बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली की लोक ती राखायला तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवून निघून जातात. ती हलवायची कुणाची छाती होत नाही म्हणे. मला हसू आवरेना.

टुसॉनला बहिणीकडे ठेवलेल्या माझ्या लेकाला, तेओला फोन केला. कार्टं सहा वर्षांचं आहे, पण शब्द बरोबर लक्षात ठेवतं. शनिवारी येते म्हटलंय.

मंगळवार, ५ मार्च
भोकं पाडायचं यंत्र चालवतो तो डेनी रुस्नाक इथलाच. सकाळभर त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. शेवटच्या जागेशी मात्र त्याने यंत्र थांबवलं. जुन्या शेडमध्ये, जिथे यंत्रांचे भाग धुवायचा हौद होता, तिथे काँक्रीटवर लाल गादीची खुर्ची.

डेनी म्हणाला, "वांडा सोब्चाकची आहे. तिचा नवरा, रे नावाचा, या हौदात पडला. सापडला नाही, तर मालकांनी वरून काँक्रीट ओतलं. जागा भरलेली आहे बाई, राहू दे तशीच."

मी म्हटलं, आराखड्यातली एक जागा सुटली तरी अहवाल परत येईल, मग बसा दवाखान्याची वाट बघत. तो हलेना. शेवटी मीच खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. तिच्या पायांचे चार खड्डे काँक्रीटमध्ये उमटले होते.

यंत्राची नळी थोडी खाली गेली आणि एकदम सुटली. हौद आत पोकळच आहे. गोडसर वास वर आला.

बुधवार, ६ मार्च
वांडा मोटेलवर आली. शिव्या खायच्या तयारीत होते, पण म्हातारीने माझा हात थोपटला. म्हणाली, "तुझी चूक नाही पोरी, तू बाहेरची. माझा रे सुटला, देव तुझं भलं करो. पण त्याची जागा आता रिकामी झाली. ती कुणाला तरी धरणार. खुर्ची उचललीस तू."

तिला कॉफी दिली. वाईट वाटलं बिचारीचं.

ती गेल्यावर पाहिलं तर मी उभी होते तिथे गालिच्यात चार खड्डे. मधोमध मी.

गुरुवार, ७ मार्च
खुर्ची परत नेऊन ठेवली. उभीच राहत नाही, कलंडते.

सामान भरून निघाले. पुलाअलीकडे सिग्नलला थांबले आणि चाकं डांबरात गेली, दारापर्यंत. उतरले. बूटही रुतायला लागले. मागचे लोक भोंगे वाजवत होते, त्यांच्या पायांखाली रस्ता ठणठणीत.

मागच्या गाड्यांतून डेनी धावत आला, दोर टाकला. मग माझ्याभोवतीचे चार खड्डे त्याला दिसले. म्हणाला, "माझी दोन पोरं आहेत गं." आणि दोर सोडला.

पुलाकडे पाऊल टाकलं की खाली जाते. कारखान्याकडे टाकलं की टिकतं. मला फार भीती वाटतेय.

शुक्रवार, ८ मार्च
शेडमध्ये. जमीन फक्त इथेच मला पेलते. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून सगळं गाव चर्चमध्ये तळलेले मासे खातंय. डेनीने एक पुडकं दारातून आत सरकवलं आणि पळाला.

लोरेनचा फोन आला. मी बुधवारी पाठवलेला अहवाल मिळाला, सगळ्या जागा झाल्या, मी म्हणजे देवासारखी धावून आले म्हणे. मला बाहेर काढ म्हटलं. तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, दवाखान्याला माझं नाव देतील.

तेओने फोनवर विचारलं, उद्या ना? हो म्हटलं.

शनिवार, ९ मार्च
गुडघ्यापर्यंत. काँक्रीट मऊ नाही, तरी —

कंबर. खाली पायांना काहीच लागत नाही. फक्त तो वास.

वांडा आली. हातात खुर्ची. मला वर ओढायला आणली असं वाटलं — हात पुढे केला. तिने तो धरला, रडली. म्हणाली, घाबरू नकोस पोरी, तुझी जागा कुणी घेणार नाही. मी रोज येईन.

हात सोडला तिने. गादी पुसतेय.

खुर्ची माझ्या डोक्यावर —

चारी पाय बसले. उभी राहिली. अंधार — वही दिसत नाही —

तेओ, मी ये