धुऱ्यावरचा उजेड

॥ श्री ॥
देवळी, २० ऑगस्ट २००२

ती. प्रेरणाताईस प्रफुलचा शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींनी माझ्यासाठी पुण्यात नोकरी पाहिली, उपकार आहेत. पण ताई, कॉम्प्युटर क्लास बंद करायला मन घेत नाही. फोनच्या तारेवर इंटरनेट मुंगीच्या पावलानं येतं, पोरं कंटाळून घरी जातात, हेही खरं.

आपल्या वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून, एका कंपनीची इंटरनेटची काचेची तार गेली. जोडणाऱ्यानं टोक दाखवलं. केसाहून बारीक, आणि शेजारच्या सेलसुरा गावाहून सोडलेला लाल उजेड त्यात! मी क्लाससाठी कनेक्शन मागितलं, तर म्हणाले, ही तार मोठ्या शहरांची, देवळीला थांबत नाही.

आईनं मात्र तारेच्या खुणेसाठी त्यांनी रोवलेल्या दगडाला शेंदूर लावून नारळ फोडला. म्हणते, एवढा उजेड वावराखालून जाऊन राह्यला, त्याले हात नाई जोडाचे काय?

रागावली असशील तरी माया पातळ करू नकोस.
तुझा प्रफुल

पुणे, २ सप्टेंबर २००२

चि. प्रफुलास अनेक आशीर्वाद.

आईचा नवा देव वाचून पोट धरून हसले, मग उगाच रडू आलं. इथं कंपन्या चढाओढीनं रस्ते खणतात. एकीनं बुजवलं की दुसरी उकरते. तुम्ही मात्र कोरडेच.

संक्रांतीपर्यंत इथली नोकरीची जागा राखून ठेवतील. तोवर जमलं नाही तर क्लासला कुलूप लाव आणि ये. आईला एकटं टाकणं माझ्याही जिवावर येतं रे. त्या दगडाला माझाही एक नारळ फोड.

आईला जप, उत्तराची वाट पाहते.
तुझी ताई

देवळी, १० जानेवारी २००३

ती. ताईस शि. सा. न.

तुझा नारळ पावला! दुसरी कंपनी त्याच धुऱ्यावर खणत आली. शेंदूर दिसताच मजुरांनी कुदळी टाकल्या. साहेब देव हलवायची परवानगी मागायला घरी आले. आई म्हणाली, देव हालनार नाई. विहिरीकडून तार न्या, तिथं मशिनीची खोली बी बांधा. पण माह्या पोराच्या क्लासात उजेड द्या. खोलीला जागा त्यांना हवीच होती, आणि खोली झाली की तार देवळीला थांबते. हे कळताच पहिली कंपनीही धावत आली. आता देवळीचं गिऱ्हाईक मिळवायला दोघी भाव पाडताहेत!

काल लाइन सुरू झाली. पापणी लवायच्या आत पानं उघडली, पोरं खुर्च्या ओढून पुढं सरकली. आईनं विचारलं, लाल उजेड कुठं गेला. मी सांगितलं, तो तपासणीचा होता. कामाचा उजेड डोळ्याला दिसत नाही. तिनं तारेला हळूच हात लावून पाहिला. मग पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, दिसत नाई तरी सारं करते, मंग तर खराच देव हाय.

भाऊजींना सांग, मी येत नाही. तिळगूळ खायला तुम्हीच या, आणि लोभ येताना सोबत आणा.
तुझा प्रफुल